माग बंद पडला की

“शिवाप्पा, आज एकबी माग बंद पडता कामा नये,” आत्या शेडच्या दारात उभी राहून ओरडली. “धागा तुटू दे, कांडी संपू दे, काय वाट्टेल ते होऊ दे. पाहुणे जाईस्तवर खडखडाट चालू पायजे.”

शिवाप्पा आमच्याकडचा सगळ्यात जुना विणकर. त्याने हातातलं काम न सोडता मान वळवली आणि कोपऱ्याकडं बोट केलं. “आणि ते दोन? त्यांच्यावरचं सूत संपून आठवडा झाला.”

“तेबी चालव.”

“रिकामे?”

“रिकामे.”

शिवाप्पाने आप्पांकडं पाहिलं. आप्पा म्हणजे माझे वडील, त्या आठ मागांचे मालक. मागच्या खोलीत उगाच दिवा जळतोय असं दिसलं तर हातातला घास खाली ठेवून तो बंद करायला उठणारा माणूस. त्यांनी पायातल्या चपला नीट केल्या आणि मान हलवली. थोड्याच वेळात कोपऱ्यातले दोन माग आडवा धागा नेणारा धोटा काढून नुसतेच सुरू झाले. सूत नाही, कापड नाही, फक्त आवाज. मी हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

आमच्या इचलकरंजीत याच्या उलट रीत. घराला लागूनच शेड असते, त्यामुळे पाहुणे आले की निदान जवळचे दोन-चार माग थांबवायचे, म्हणजे एकमेकांचं बोलणं कळतं. पाहुण्यासाठी माग थांबवणं हाच त्याचा मान. मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांचा मान मात्र आत्याने असा ठरवला होता की त्यांना काहीच ऐकू येऊ नये.

कारण मी वाजत होते.

लहानपणी माझे सांधे सुजायचे, ताप यायचा. वाढीचं अंग आहे म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही. त्या तापाने हृदयातली एक झडप कायमची खराब केली. पंचविशीला आले तोवर मला घराची पायरी चढवेना आणि आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. मिरजेला ऑपरेशन झालं. खराब झडप काढून तिथं धातूची बसवली. ऑपरेशन चांगलं झालं, श्वास परत आला. फक्त ती नवी झडप प्रत्येक ठोक्याला टिक करते. रस्त्यात, बाजारात कुणाला पत्ता लागत नाही. पण शांत खोलीत माझ्या शेजारी बसलात तर कळतं.

श्वास परत आला आणि बाकी सगळं गेलं. आजारी पडण्याआधी मी चार माग एकटी सांभाळायचे. तुटलेल्या धाग्याला माझी गाठ इतकी बारीक बसायची की शिवाप्पा कापडावरून बोट फिरवून ती शोधत बसायचा. आता रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची होती. म्हणजे कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही. म्हणून शेडमध्ये पाय ठेवायचा नाही, कारण कधीमधी मागावरून धोटा उडतो. म्हणून विळी माळ्यावर गेली, सुई आत्याच्या पिशवीत गेली आणि भाजी चिरायचं काम आईकडं गेलं. धावू नको, वाकू नको, उचलू नको. मला काचेच्या कपाटात ठेवायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

पालेभाजीची तर वेगळीच गंमत. डॉक्टर म्हणाले होते, पालेभाजी खायला हरकत नाही, पण रोज साधारण तेवढीच खा, एकदम कमीजास्त केली की गोळीचा मेळ बसत नाही. आमच्या घरी त्याचा अर्थ लागला तो असा, की पालेभाजी म्हणजे विष. मेथी, शेपू, तांदळी, सगळं उंबऱ्याबाहेर. मला एकटीला बंद केलं असतं तर मी समजू शकले असते. आप्पांनी स्वतःच्या ताटातूनही मेथी काढून टाकली, आणि मेथी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तुम्ही तरी खा, असं मी किती वेळा सांगितलं. ते ऐकायचे नाहीत. तसंही त्यांना ऐकू कमीच यायचं. जन्म मागांत काढलेल्या माणसाचे कान होते ते.

आठवड्यातून एक दिवस आमच्या भागातले माग बंद असायचे. तो दिवस मला नको व्हायचा. सगळी गल्ली एकदम गप्प, आणि घरात माझा आवाज. दुपारी खाटेवर पडलं की तो लाकडातून फिरून परत माझ्याच कानात यायचा. कूस बदल, उशी बदल, उठून बस, पुन्हा आडवी हो. आई निवडण-टिपण घेऊन शेजारी निघून जायची. आणि आप्पा माझ्या खोलीला लागून असलेल्या सुताच्या खोलीत शिरून दार लावून घ्यायचे. मध्ये नुसती लाकडी फळी. थोड्या वेळाने पलीकडून घोरणं सुरू व्हायचं. मी इकडं टक्क जागी, आणि आप्पा तिकडं सुताच्या पोत्यांवर खुशाल झोपलेले. ऐकू कमी येतं, तरी लेकीचा आवाज नको म्हणून दार लावून घेतात, असं मला वाटायचं. फार राग यायचा मला त्यांचा. फळीवर मूठ आपटावीशी वाटायची.

याआधी दोन स्थळं आली होती. त्यांना सगळं खरं सांगितलं आणि ती दोन्ही पायरी उतरली ती पुन्हा चढली नाहीत. म्हणून हे तिसरं स्थळ आत्याने स्वतःच्या हातात घेतलं. उदय लोले, आजऱ्याच्या पुढं डोंगरात एका वाडीवर शिक्षक. वडील नाहीत, आई आणि तो. “एकदा अक्षता पडू देत, मग सावकाश सांगू,” असं आत्याचं धोरण. शेवंताआत्या वाईट बाई नव्हती. पोरीचं लग्न झालं नाही तर आकाश कोसळेल असं मनापासून मानणारी होती, एवढंच. मूल होण्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते तर तिने कधी पुरतं ऐकूनच घेतलं नव्हतं.

मला लग्न नको होतं असं कुणी समजू नये. मला घर हवं होतं, माणूस हवा होता. पण जिथं जन्मभर काहीतरी वाजत ठेवून मला झाकावं लागेल असं घर नको होतं. आजऱ्याच्या डोंगरात तर आठ माग नव्हतेच.

त्या दिवशी दुपारी मी साडी नेसून बाहेर आले. आप्पा पुढच्या सोप्यातल्या लाकडी बाकावर बसले होते. आमच्या सोप्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच लांब बाक होता, सगळ्या घराची बैठक त्याच्यावरच.

“आप्पा, तुम्हाला पटतं हे?” मी विचारलं.

त्यांनी हात कानाशी नेला. मी जवळ जाऊन मोठ्याने विचारलं, “हे फसवणं तुम्हाला पटतं?”

त्यांनी साडीकडं बघितलं. “साडी चांगली हाय,” ते म्हणाले आणि शेडकडं निघून गेले. मी तिथंच उभी राहून दातओठ खात राहिले.

पाहुणे आले. उदयची आई ठेंगणी, खणखणीत बाई. आल्या आल्या त्यांनी पिशवीतून मेथीची मोठी जुडी काढून आईच्या हातात दिली. “आमच्या परसातली हाय,” त्या ओरडून म्हणाल्या. ओरडूनच म्हणाव्या लागत होत्या. आईने जुडी हातात निखारा पडावा तशी धरली आणि कोनाड्यात नेऊन ठेवली.

बोलणं सुरू झालं, म्हणजे ओरडणं सुरू झालं. मी बाकाच्या एका टोकाला, आप्पा दुसऱ्या टोकाला, समोर खुर्च्यांवर पाहुणे आणि मध्ये पाटावर आत्या. उदयची आई, म्हणजे काकू, विचारायच्या, आत्या उत्तर द्यायची. मुलगी शिकली किती, स्वयंपाक येतो का, स्वभाव कसा. माझा स्वभाव आत्याच्या तोंडून ऐकताना मला ही कुणी भलतीच मुलगी वाटत होती.

“तुमच्याकडं हे रोज असंच असतंय?” काकूंनी शेडकडं हात करून विचारलं.

“रोज. सवय झाली की कळत न्हाई,” आत्या म्हणाली.

“आमच्याकडं या बघायला. अशी शांतता हाय. परसात पान पडलं तरी ऐकू येतंय.”

“चांगलंच की,” आत्या म्हणाली, पण तिचा आवाज जरा चिरकला. आई दाराआडून माझ्याकडं बघायला लागली. मी आप्पांकडं बघितलं. ते फरशीकडं बघत होते.

उदय फार बोलत नव्हता. उंच, काळासावळा, हात कुठं ठेवावेत ते न कळणारा. एकदा त्याने मला काहीतरी विचारलं, ते मला कळलं नाही. मी काहीतरी उत्तर दिलं, ते त्याला कळलं नसावं. दोघांनीही मान हलवली. माझ्या पायाचा अंगठा साडीखाली सारखा फरशी कोरत होता. कधी एकदा हे संपतंय असं झालं होतं, आणि संपलं की पुढचं खोटं सुरू होणार हेही दिसत होतं.

आई चहा घेऊन आली आणि लाईट गेली.

माग एकदम थांबत नाहीत. पट्टा सैल होत जातो, ठोके लांब लांब पडायला लागतात, एकेक माग दम टाकल्यासारखा थांबतो. आठही थांबले. शेजारच्या शेडमधले थांबले, पलीकडच्या गल्लीतले थांबले. कुठंतरी एक कोंबडी ओरडली आणि तीही गप्प झाली.

मग मी ऐकू यायला लागले.

आत्याने पहिल्यांदा कपबश्या खणखणवल्या. मग ती खोकली. मग तिने हवेवर, पाण्यावर, आजऱ्याच्या रस्त्यावर बोलायला सुरुवात केली, तेही अजून माग चालूच असल्यासारखं ओरडून. तरी एक वाक्य संपून दुसरं सुरू व्हायच्या मध्ये टिक, टिक, टिक येतच होतं.

“जा गं वैजू, आत आईला मदत कर,” ती म्हणाली.

“बसू दे की,” काकू म्हणाल्या. “आत्ता कुठं बोलणं ऐकू यायला लागलंय.”

मी अर्धवट उठलेली पुन्हा बसले. काकूंनी मान वर करून भिंती न्याहाळल्या. चौंडेश्वरी देवीचा फोटो, एक कॅलेंडर, आजोबांची तसबीर.

“घड्याळ कुठं लावलंय हो?”

“आतल्या खोलीत,” आत्याने तत्काळ सांगितलं.

“लई मोठ्यानं वाजतंय.”

“जुनं हाय. वैजूच्या आजोबांचं.”

आमच्या आजोबांकडं घड्याळ नव्हतं. असतं तरी मागांच्या खडखडाटात ते कुणाला ऐकू आलं नसतं. पण मला हसू आलं नाही, उलट जे व्हायला नको तेच झालं. माझी छाती धडधडायला लागली. आवाज भरभर यायला लागला.

“पुढं पळतंय वाटतं,” काकू म्हणाल्या.

उदयने मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं, मग आतल्या दाराकडं, आणि मग त्याची नजर माझ्याकडं आली. माझ्या गळ्यापर्यंत बंद पोलक्याकडं नाही, तोंडाकडं. मग तो खाली बघून चहाची बशी नीट करत बसला. ते बघून माझं डोकं फिरलं. आता हाही नाटकात सामील होणार होता.

“घड्याळ नाही ते,” मी म्हणाले. “मी आहे.”

“अगं ए,” आत्या म्हणाली.

“मीच आहे. माझ्या हृदयात धातूची झडप आहे. ती वाजते. आत घड्याळ वगैरे काही नाही, आणि ते कोपऱ्यातले दोन माग तुम्हाला हे ऐकू येऊ नये म्हणून सूत नसताना चालवले होते.”

एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. ऑपरेशन सांगितलं, रोजची गोळी सांगितली, दर महिन्याला रक्त तपासायला जावं लागतं ते सांगितलं. छातीवर वरून खालपर्यंत व्रण आहे ते सांगितलं. पालेभाजीबद्दल डॉक्टर काय म्हणाले आणि आमच्या घरी त्याचं काय केलं, तेही सांगितलं. त्याचा तिथं काही संबंध नव्हता, पण ऑपरेशनपासूनचा, तीन वर्षांचा राग होता तो. शेवटी राहिलं तेही सांगितलं.

“या गोळीने पोटातल्या बाळाला धोका असतो. गोळी बदलून, सांभाळून काहीजणींना मुलं झालीत. पण माझ्या बाबतीत डॉक्टरांनी नकोच म्हणून सांगितलंय. हे पण तुम्हाला अक्षता पडल्यावर कळणार होतं.”

आत्याने पदर तोंडाला लावला. आई दारातच खाली बसली. आप्पांकडं मी बघितलंच नाही.

काकू उठल्या आणि माझ्या शेजारी बाकावर येऊन बसल्या. मला वाटलं, आता ऐकून घ्यायचं. त्यांनी कान माझ्या खांद्याजवळ आणला आणि डोळे बारीक करून ऐकत राहिल्या.

“दुखतंय?”

“नाही.”

“सदानकदा असंच?”

“असंच. जगेपर्यंत.”

“पायरी चढतीस?”

“आता पळतसुद्धा येतं. कुणी पळू देत नाही.”

त्यांनी माझ्या गुडघ्यावर थापटलं आणि त्या परत खुर्चीवर जाऊन बसल्या. “शेवंताबाई,” त्या आत्याला म्हणाल्या, “उद्या लग्न होऊन पोरगी आमच्या घरी आली असती आणि पहिल्याच रात्री हे कळलं असतं, तर काय झालं असतं? माझं जाऊ दे. तिचं काय झालं असतं?”

आत्याने पाट मागं सरकवला.

“आणि मी पण खोटं बोलत न्हाई,” काकू माझ्याकडं वळून म्हणाल्या. “पोरगी तू मला आवडलीस. पण हा एकुलता एक हाय माझा. मला नातवंड पायजे. जमायचं न्हाई.”

“बरं,” मी म्हणाले.

वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, मोकळं वाटेल असं मला वाटलं होतं, आणि तसं वाटलंही, पण त्याच्यामागोमाग रडूही यायला लागलं. उदय कसा आहे हे मला नीट माहीतही नव्हतं. तरी त्याच्यासमोर रडायचं नाही म्हणून मी साडीचा काठ मुठीत आवळून धरला.

 उदयने बशी खाली ठेवली. “एक विचारू का?” तो मला म्हणाला. “हे सारखं ऐकू येत असताना झोप लागते का तुम्हाला?”

“माग चालू असले की लागते. बंद असले की नाही.”

“मला लागते,” आप्पा म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी बाकाच्या त्या टोकाला बघितलं. आप्पांना बोलणं कळतंय हेच कुणाच्या ध्यानात नव्हतं.

“तुम्हाला ऐकू येतंय हे?” काकूंनी विचारलं.

“कानाला न्हाई येत. डोक्याला लागतंय.” आप्पांनी डोक्यामागं हात नेला. “सुताच्या खोलीत मधली फळी हाय. हिची खाट त्या फळीला टेकलेली. फळीला डोकं लावून निजलं की ठोका लागतोय.”

मी आप्पांकडं वळले.

“मागवाल्या माणसाचं उलटं असतंय, बाई,” आप्पा काकूंना समजावून सांगत होते, शेडमधलं एखादं काम सांगावं तसं. “माग चालू असला की त्याला झोप लागते. बंद पडला की जाग येते. रातपाळीत माग बंद पडला की मी इथनं झोपेत उठून जातो. कुठला पडला तेबी सांगतो. शिवाप्पाला इचारा. ही दवाखान्यातनं घरी आली, तवापासनं सुट्टीच्या दिवशी मी फळीला निजतोय. बाकीच्या दिवशी मागांच्या हादऱ्यात काय लागत न्हाई. तवा आपलं मधनंच उठायचं आणि दारातनं बघून यायचं.”

“काय बघून?” उदयने विचारलं.

“चालू हाय का ते.”

सोप्यात आवाज एकच. टिक, टिक, मीच तेवढी.

“मग लग्न कशापायी करताय?” काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता, तरी आप्पांना तो कळला. ते त्यांच्या ओठांकडं बघत होते. “राहू दे की जवळ.”

“मी किती दिवस पुरणार?” आप्पा म्हणाले. “माझ्या माघारी हिचा ठोका चुकला, तर जाग येणारं माणूस पायजे घरात. तेवढ्यासाठी म्हटलं, लपवू. तुमचं गाव शांत हाय म्हटल्यावर तर मला बरंच वाटलं.” मग ते माझ्याकडं बघून म्हणाले, “चुकलं माझं.”

मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. तीन वर्षं मी त्या फळीला पाठ करून निजले होते.  मग मी नुसती मान हलवली, आणि जे रडू पाहुण्यांसमोर यायला नको होतं ते आलं.

पाहुणे निघाले. आईने काकूंना कुंकू लावलं. काकूंनी कोनाड्यातल्या मेथीकडं बोट केलं. “डॉक्टर रोज थोडी द्या म्हणालेत न्हवं? मग द्या की. पोरीला पण, आणि ह्यांना पण.” उदय चपला घालताना माझ्याजवळ थांबला. “सांगितलंत ते चांगलं केलंत,” तो म्हणाला. एवढंच. पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं, त्याची पत्रिका आम्हाला आली होती.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. माझं लग्न झालं नाही. त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर मी शेडमध्ये जायला लागले, कातडी हातमोजे घालून, धोट्यापुढं जाळी बसवून. आप्पा आधी दारात उभे राहायचे, मग दारात खुर्ची टाकून बसायला लागले, मग तीही उचलली. आप्पा गेले त्या साली मी काही म्हणायच्या आत आईने आपलं अंथरूण सुताच्या खोलीत नेलं. तिला घोरायची सवय नव्हती, म्हणून पहिले काही दिवस मला फळीपलीकडं कुणी आहे याची खात्रीच पटेना. मी फळीवर टकटक करायचे. ती पलीकडून टकटक करायची.

पण मला त्या दुपारचंच सांगायचं आहे. पाहुणे गेल्यावर आत्या आतल्या खोलीत तोंड फिरवून पडली. आईने विळी नाही, पण मेथीची जुडी घेतली आणि सोप्याच्या उंबऱ्यात बसून पानं खुडायला लागली. मी बाकाच्या माझ्या टोकाला परत येऊन पाठ टेकून बसले. आप्पा त्यांच्या टोकाला होतेच. मला त्यांच्याशी बोलायचं होतं. काय बोलावं ते मनात जुळवत होते, मोडत होते. शेवटी एक वाक्य जुळलं आणि मी वळले तर आप्पा झोपले होते. मान मागं गेलेली, डोकं बाकाच्या पाठीला टेकलेलं, तोंड अर्धवट उघडं.

तेवढ्यात लाईट आली. सोप्यातला दिवा लागला. गल्लीतले माग एकेक करून सुरू व्हायला लागले. शेडच्या दारातून शिवाप्पा आत डोकावला.

“चालू करू?” त्याने विचारलं. “का ते रिकामे तेवढे राहू देत?”

मी हाताने त्याला थांब म्हणून खूण केली. आप्पांकडं बोट केलं. शिवाप्पाने बघितलं, डोक्यावरची टोपी काढली आणि तो तिथंच पायरीवर बसला. सोप्यातला दिवा विनाकारण जळत होता, तोही मी बंद करायला उठले नाही. आईची मेथी खुडून होत आली होती. आप्पा घोरत होते, आणि मी वाजत होते.